तुमचे प्रश्न: कुबलाई खानाची चाबी खातून

गेल्या अंकात कुबलाई खानाच्या पट्टराणीवर, चाबी खातूनवर, पानभर मजकूर दिला होता. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर तिलाच द्यायचं ठरवलं. ज्यांनी तो अंक बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चाबी ही खोंगिराद नावाच्या मंगोल टोळीतली, चंगीझ खानाचा नातू कुबलाई याची राणी. तो 1260 मध्ये मोठा खान झाला, 1271 मध्ये त्याने आपल्या राज्याला युआन असं चिनी नाव दिलं, 1276 मध्ये दक्षिण चीनच्या सोंग घराण्याची राजधानी घेतली, आणि 1281 मध्ये जाईपर्यंत ही बाई या सगळ्यात त्याच्या बरोबरीने होती. आता प्रश्न घेऊया.

चाबी हे कसलं नाव, किल्ली की काय? आणि खान, खातून म्हणजे हे लोक मुसलमान होते का? आमच्या घरात जेवताना यावरून वाद झालाय, निकाल द्या. (एक वाचक, कोल्हापूर)

किल्लीचा आणि हिचा काही संबंध नाही. आपली चावी, हिंदीतली चाबी, हा शब्द पोर्तुगिजांच्या भाषेतून आलेला आहे आणि पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा या राणीला जाऊन दोनशेच्या वर वर्षं झालेली होती. तिचं नाव चिनी ग्रंथात जसं लिहिलंय तसं आपण चाबी म्हणतो, इतकंच.

खान म्हणजे राजा आणि खातून म्हणजे राणी. ही गवताळ प्रदेशातल्या लोकांची जुनी पदवी आहे, इस्लाम तिकडे पोचायच्या आधीची. चंगीझ खान मुसलमान नव्हता, तो आकाशाला देव मानायचा, तेंग्री म्हणायचे त्याला. कुबलाईची आई सोरखाखतानी बेकी ख्रिश्चन होती, पूर्वेकडच्या नेस्टोरियन पंथातली. चाबी स्वतः बौद्ध. म्हणजे एकाच घरात सासू ख्रिश्चन, सून बौद्ध आणि आजेसासरे आकाशाला हात जोडणारे, आणि यावरून कुणाचं भांडण झाल्याची नोंद नाही. मध्य आशियातल्या तुर्क राजांनी आणि पुढे इराणातल्या मंगोल राजांनीही इस्लाम स्वीकारला आणि त्यांच्यामार्फत ती पदवी फिरत फिरत आपल्याकडे आली, म्हणून आपल्याला खान म्हटलं की लगेच तसं वाटतं.

नात्याचं एक सांगते, कारण हे परक्याला समजवायला अर्धा तास लागतो पण मराठी माणसाला एका वाक्यात कळेल. चंगीझ खानाची पहिली बायको बोर्ते ही चाबीची सख्खी आत्या. बोर्तेचा मुलगा तोलुई हा तिचा आतेभाऊ आणि कुबलाई त्याचा मुलगा, म्हणजे नवरा नात्याने तिचा भाचाच लागायचा. खोंगिराद टोळीतल्या मुली खानाच्या घरात द्यायच्या हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होता.

मी इतिहासात एम.ए. करतेय. तुम्ही "बरोबरीने" असा शब्द वापरलात तो जरा जास्तच वाटला. राणी जनानखान्यात असणार, राज्य खान करणार. बरोबरी कुठे आली? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

बरं झालं विचारलंस. आधी तो जनानखाना डोक्यातून काढून टाक, कारण आपण तो शब्द आपल्याकडच्या राजवाड्यांवरून घेतो आणि इथे तो बसतच नाही. मंगोल पुरुष एकदा मोहिमेवर गेला की महिनोन्‌महिने नाही, तर मागे जे काही राहायचं, तंबू, गाड्या, घोडे, मेंढ्या, नोकर, पाहुणे, दूत, ते सगळं बायको चालवायची. मोठ्या राणीचा स्वतःचा वेगळा तळ असायचा, त्याला ओर्दो म्हणत, त्याची माणसं वेगळी, उत्पन्न वेगळं. चंगीझ खानाचा मुलगा ओगेदेई खान 1241 मध्ये वारला तेव्हा त्याची विधवा तोरेगेने हिने 1246 पर्यंत अख्खं साम्राज्य सांभाळलं होतं. त्यामुळे चाबीने काही आकाशातून उडी मारलेली नाही, तिच्या पुढे तशा बायका होऊन गेल्या होत्या.

आता 1259 चं बघ. मोंगके खान, म्हणजे कुबलाईचा थोरला भाऊ, सेचुआनमध्ये सोंगांच्या एका किल्ल्याला वेढा घालून बसला होता, ऑगस्टमध्ये तिथेच गेला. कुबलाई तेव्हा यांगत्से नदीवर एजोऊ शहराच्या लढाईत अडकलेला. आणि धाकटा भाऊ अरिक बोके घरच्या मुलखात, मंगोलियात. गादी रिकामी, एक भाऊ घरात आणि दुसरा हजार-दीड हजार किलोमीटर लांब लढाईत, पुढे काय होणार ते उघड आहे. अरिक बोकेच्या बाजूचा अलंदार नावाचा सरदार सैन्य गोळा करायला लागला आणि तो कायपिंगच्या, म्हणजे कुबलाईच्या मुख्य ठाण्याच्या, जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर येऊन पोचला. ठाण्यात होती चाबी आणि तिचा सोळा वर्षांचा मुलगा झेनजिन.

तिने काय करावं? तिने माणूस पाठवून अलंदारला एकच गोष्ट विचारली, की सैन्य उभं करणं ही मोठी गोष्ट आहे, चंगीझ खानाचा पणतू झेनजिन इथे बसलेला असताना त्याला न कळवता हे कसं काय चाललंय? नवऱ्याचं नाव घेतलं नाही, स्वतःचं घेतलं नाही, थेट चंगीझ खानाचं रक्त पुढे केलं, आणि त्यावर अलंदारला उत्तरच देता आलं नाही. हा प्रश्न मी कितीदा वाचला असेल, दर वेळी वाटतं की इतकं नेमकं बोलायला किती थंड डोकं लागत असेल, बाहेर शत्रूचं सैन्य असताना. तो गप्प झाला त्या मधल्या वेळात तिने दोन निरोपे कुबलाईकडे दौडवले, लगेच परत या म्हणून. कुबलाईने सोंगांशी तह करून वेढा उठवला, परतला, आणि मे 1260 मध्ये त्याच कायपिंगला सभा भरवून खान झाला. अरिक बोकेनेही स्वतःला खान म्हणवून घेतलं, चार वर्षं भाऊबंदकी चालली, 1264 मध्ये तो शरण आला. तो निरोप दोन महिने उशिरा पोचला असता तर कुबलाई खान हे नाव आज कोणाला माहीत असतं असं मला तरी वाटत नाही.

आणखी एक प्रसंग. खानाच्या अंगरक्षक दलाचे चार सरदार अर्ज घेऊन आले, की राजधानीच्या लगतची जमीन आमच्या घोड्यांना कुरण म्हणून तोडून द्या. खानाने हो म्हटलं, नकाशासुद्धा तयार होऊन आला. चाबी तिथे गेली आणि नवऱ्याला एक शब्द न बोलता शेजारी उभ्या असलेल्या लिऊ बिंगजोंगवर, म्हणजे कुबलाईच्या सगळ्यात विश्वासू चिनी सल्लागारावर, खेकसली. म्हणाली, तुम्ही चिनी लोक शहाणे, तुम्ही बोललात की खान ऐकतात, मग तुम्ही गप्प का? आपण इथे नवीन आलो तेव्हा जमीन घेतली असती तर चाललं असतं, आता ती घराघरात वाटून झालीय, लोक त्यावर जगतायत, ती हिसकावायची? खान ऐकत होता. गप्प बसला आणि मग ती फाइल बंद करायला सांगितली. लेकी बोले सुने लागे, दुसरं काय. तो चिनी सल्लागार बिचारा विनाकारण बोलणी खाऊन गेला, पण राजधानीभोवतीच्या किती शेतकऱ्यांच्या जमिनी वाचल्या असतील त्या दिवशी.

आमच्या घरात दोन हातमाग आहेत, पैठणी विणतो. तुम्ही लिहिलंत की राणीने धनुष्याच्या जुन्या दोऱ्यांचं कापड विणलं. दोरीचं कापड कसं होईल? ते गोणपाटासारखं होईल की नाही? (एक काकू, येवला)

काकू, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, कारण हा प्रश्न फक्त मागावर बसणाऱ्या माणसालाच पडतो.

आधी ते का झालं ते ऐका. एके दिवशी चाबीने सरकारी कोठारातून रेशमी कापडाचे दोन तुकडे मागवले, एक वरचं आणि एक अस्तराचं, बस. एका अंगरख्यापुरतं. कुबलाईला कळलं आणि तो म्हणाला, हे सैन्याच्या आणि राज्याच्या कामाचं आहे, घरचं नाही, राणीला असं कसं काढून घेता येईल? आता ज्या माणसाच्या खजिन्यात अर्ध्या जगाची संपत्ती येऊन पडत होती त्याच्या बायकोला दोन तुकड्यांवरून हे ऐकावं लागलं. तिने वाद घातल्याची नोंद नाही. त्यानंतर ती महालातल्या बायकांना घेऊन स्वतः हातकामाला बसली.

सैन्याच्या धनुष्यांच्या दोऱ्या वापरून वापरून सैल पडायच्या, टाकून दिल्या जायच्या, तशा सगळ्या तिने गोळा करायला लावल्या. ग्रंथात त्यांच्यावर जी प्रक्रिया केली म्हणून शब्द आलाय तो कच्चं रेशीम उकळून मऊ करण्याचा शब्द आहे, तुमच्याकडे रेशमाचा चिकटपणा काढायला क्षाराच्या पाण्यात उकळतात ना, तेच. म्हणजे त्या दोऱ्या रेशमाच्या असणार, ताग किंवा अंबाडीच्या नाही, म्हणून गोणपाटाची भीती नको. उकळून धागे मोकळे करायचे, पुन्हा सूत वळायचं आणि त्याचं जाड रेशमी कापड विणून कपडे शिवायचे. आणि लिहिणारा म्हणतो की ते कापड चिवट आणि घट्ट होतं, उंची नक्षीदार रेशमाच्या बरोबरीचं. तुम्ही विचार करा काकू, जी दोरी शंभर वेळा ताणून सोडली तरी तुटली नाही तिचा धागा ताण्याला लावला तर किती पक्का बसेल.

मेंढ्यांच्या कातड्याचंही तेच. खानाच्या मुदपाकखात्यात मेंढ्यांच्या पुढच्या पायांची कातडी नुसती पडून असायची, त्या लहान लहान पट्ट्या, कशाच्याच उपयोगाच्या नाहीत म्हणून. तिने त्या मागवून एकाला एक जोडून शिवून जमिनीवर अंथरायचे गालिचे केले. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी करायच्या तोच हात आहे हा, फक्त घर जगातल्या सगळ्यात मोठ्या राजाचं.

शिवणकामाच्या तिच्या अजून दोन गोष्टी आहेत आणि त्या मला जास्तच आवडतात कारण त्यात नुसती काटकसर नाही, डोकं आहे. मंगोल टोपीला पुढून कड नसायची. कुबलाई एकदा सहज म्हणाला की बाण मारताना ऊन थेट डोळ्यांवर येतं, तिने लगेच टोपीला पुढे कड लावून दिली. त्याला इतकी आवडली की आता सगळ्यांनी अशीच करायची असा हुकूम निघाला. दुसरं म्हणजे एक बिनबाह्यांचा, बिनकॉलरचा अंगरखा, पुढून आखूड आणि मागून दुप्पट लांब, बांधायला दोन बंद. घोड्यावर बसलेल्या माणसाला पुढे कापड आडवं यायला नको, पाठ-कंबर मात्र झाकलेली हवी आणि धनुष्य ओढताना काख अडायला नको, हे सगळं त्यात बसतं. त्याला बिज्या म्हणत आणि बघता बघता सगळे तसा शिवून घ्यायला लागले.

चाबी बौद्ध होती असं लिहिलंत. आपल्या बुद्धाचा धम्म मंगोल राणीपर्यंत कसा पोचला? (एक वाचक, नागपूर)

तिबेटमार्गे. तिबेटमधल्या साक्य मठातला फग्पा नावाचा तरुण लामा 1253 च्या सुमारास कुबलाईकडे आला, तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता. तिबेटी परंपरा सांगते की त्याच्याकडून हेवज्र तंत्राची, म्हणजे एका बौद्ध तांत्रिक साधनेची, दीक्षा आधी चाबीने घेतली, आणि गुरूला काय द्यायचं म्हणून विचारल्यावर जी वस्तू सगळ्यात प्रिय ती दे असं कळलं, म्हणून कानातल्या दागिन्याचा मोठा मोती काढून दिला. मग नवऱ्याच्या मागे लागली की तुम्हीही घ्या. इथे अडचण आली ती बसण्यावरून. दीक्षा घ्यायची तर गुरू वर आणि शिष्य खाली, आणि राजा खाली कसा बसणार? कुबलाई तयार होईना. तोडगा चाबीने काढला: शिकवण चालू असताना, थोडीच माणसं असतील तेव्हा लामा वर बसेल, आणि दरबारात सगळ्यांसमोर खान वर बसेल. दोघांचाही मान राहिला. घरात लग्नकार्यात मानपानावरून ताणलेलं असताना एखादी काकू येऊन दोन मिनिटांत मार्ग काढते तसं आहे हे, पण याच्यावर तिबेट आणि मंगोल यांचं पुढचं सगळं नातं उभं राहिलं.

तिच्या थोरल्या मुलाचं नाव दोर्जी, हा तिबेटी शब्द आहे, म्हणजे वज्र. आणि फग्पामुळेच नेपाळचा तरुण कारागीर अरनिको कुबलाईच्या दरबारात पोचला, त्याने बांधलेला पांढरा स्तूप आजही बीजिंगमध्ये उभा आहे, 1279 मध्ये पुरा झाला, म्हणजे चाबी असताना.

मार्को पोलोने तिला पाहिलं होतं का? (एक वाचक, ठाणे)

तो 1275 च्या आसपास दरबारात पोचला, म्हणजे पुढची पाच-सहा वर्षं ती होती. पण तो तिचं नाव घेत नाही, खानाच्या चार राण्या आहेत आणि प्रत्येकीच्या दरबारात दहा हजार माणसं आहेत इतकं सांगून पुढे जातो. आकडा त्याचा, मी जसाच्या तसा दिलाय. तुम्ही ठाण्याचे म्हणून सांगते, परतीच्या प्रवासाच्या वर्णनात तो ठाण्याबद्दल लिहितो, तिथला राजा चाच्यांशी संगनमत करून जहाजांवरचे घोडे स्वतःकडे ठेवून घेतो अशी तक्रार आहे त्याची.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. तुमची ही राणी फारच देवमाणूस वाटते. काटकसरी, दयाळू, शहाणी. दरबारी लेखक राण्यांबद्दल असंच लिहितात. किती विश्वास ठेवायचा? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, तुमची शंका अगदी बरोबर आहे. हे बहुतेक प्रसंग युआन घराण्याच्या अधिकृत चिनी इतिहासातले आहेत, त्याला युआन-शी म्हणतात. त्यात राण्यांच्या चरित्रांचा वेगळा भाग आहे. चिनी पंडितांना आदर्श राणी कशी हवी याचं एक ठरलेलं चित्र असायचं, काटकसर करणारी, नवऱ्याला हळूच समजवणारी, हाताने सूत कातणारी. चाबीच्या आयुष्यातले त्या चित्रात बसणारे प्रसंग निवडून घेतले असणार आणि न बसणारे गाळले असणार, हे मला मान्य आहे.

पण दोन गोष्टी बघा. एक, हा ग्रंथ 1369-70 मध्ये लिहिला गेला, म्हणजे युआन राज्य 1368 मध्ये बुडाल्यावर, आणि लिहून घेतला तो मिंग घराण्याने, ज्यांनी मंगोलांना हाकलून दिलं त्यांनी. त्यांना मंगोल राणीची तोंडपूजा करायचं काहीच कारण नव्हतं. दुसरं, मेंढीच्या पुढच्या पायाची कातडी. कोणी राणीची स्तुती रचायला बसला तर मोती, सोनं, दानधर्म लिहील, मुदपाकखात्यात पडलेल्या कातड्याच्या पट्ट्या त्याला कुठून सुचणार? असल्या बारीकसारीक गोष्टी खऱ्या घरातून येतात असं माझं मत आहे.

आणि तिची दुसरी बाजूही सांगते, ती गेल्या अंकात राहून गेली. कुबलाईचा अर्थमंत्री अहमद, वीस वर्षं ज्याने साम्राज्याचा कर गोळा केला आणि ज्याच्या लाचखोरीला लोक विटले होते, तो पुढे आला तो चाबीच्या तळातला माणूस म्हणूनच, इराणचा इतिहासकार रशीदुद्दीन हे स्पष्ट लिहितो. तिच्याच मुलाचं, झेनजिनचं, अहमदशी हाडवैर होतं. चाबी 1281 च्या सुरुवातीला गेली आणि 1282 च्या वसंतात राजधानीतच कट करून अहमदला ठार मारलं, नंतर त्याचे उद्योग बाहेर आल्यावर कुबलाईने त्याचं प्रेत उकरून काढायला लावलं. चाबी असताना त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही आणि ती गेल्यावर वर्षभरात तो संपला, या दोन गोष्टींचा संबंध असेल असं मला वाटतं, आणि असेल तर तो तिच्या बाजूने जात नाही.

ती गेल्यावर कुबलाई मात्र खचत गेला. दोन वर्षांनी त्याने तिच्याच नात्यातली नंबुई राणी केली, मग वारस म्हणून नेमलेला झेनजिनही गेला, खाणंपिणं वाढलं, संधिवात वाढला, शेवटी शेवटी तर मंत्र्यांना त्याला भेटता यायचं नाही, जे काय ते नंबुईमार्फत सांगायचं.

हरलेल्या सोंग घराण्याच्या राणीशी चाबी चांगली वागली असं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. मला ते सविस्तर वाचायचं आहे. (एक वाचक, लातूर)

तुमचं बरोबर आहे, ते एका ओळीत टाकायला नको होतं.

1276 मध्ये सोंगांची राजधानी लिन-आन, म्हणजे आजचं हांगझोऊ, शरण आली. राजा होता पाच-सहा वर्षांचा पोर. त्याला आणि त्याची आई छ्वान हिला उत्तरेला कुबलाईसमोर आणलं. मोठी मेजवानी झाली, तीनशे वर्षांचं राज्य हातात आलेलं, सगळे खुशीत आणि चाबी गप्प. कुबलाईने विचारलं, दक्षिण जिंकली, आता शस्त्रं हातात घ्यायची गरज नाही, सगळे आनंदात आहेत, एकटी तूच नाराज का? तिने गुडघे टेकले आणि म्हणाली की हजार वर्षं टिकलेलं राज्य आजवर झालेलं नाही असं ऐकत आलेय, माझ्या मुलानातवंडांवर ही वेळ न आली म्हणजे पुष्कळ झालं.

मग सोंगांच्या खजिन्यातल्या वस्तू महालाच्या चौकात मांडल्या आणि तिला बोलावलं. ती आली, सगळीकडून फिरून बघितलं आणि निघून गेली. कुबलाईने मागे माणूस पाठवला, काय हवंय ते विचार म्हणून. ती म्हणाली, त्या लोकांनी हे आपल्या लेकरांसाठी साठवलं, लेकरांना राखता आलं नाही म्हणून आपल्याकडे आलं, यातली एक वस्तू तरी उचलायला माझा हात कसा धजेल? आठवतंय ना, रेशमाच्या दोन तुकड्यांवरून जिला बोलणी बसली होती ती हीच बाई, आणि आता अख्खा खजिना समोर मांडून ठेवलेला.

छ्वान राणीला उत्तरेची हवा मानवेना. दक्षिणेची दमट ऊबदार हवा, भात, कालवे, आणि कुठे ही कोरडी थंडी. चाबीने कुबलाईकडे तिला परत दक्षिणेला पाठवायची विनंती केली. नाही म्हणाला. पुन्हा केली, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा केल्यावर तो म्हणाला, तुम्हा बायकांना लांबचं दिसत नाही, ती तिकडे गेली आणि उद्या कोणी एक अफवा उठवली की तिच्या घराण्याचा निर्वंश करावा लागेल, ती काय माया झाली? तिच्यावर जीव असेल तर इथे तिला काय हवं नको बघ. माझ्या मते यात खानाचं बरोबर होतं, कारण सोंगांचे उरलेले लोक तेव्हा अजून दक्षिणेत लढत होते, 1279 च्या यामेनच्या समुद्रातल्या लढाईपर्यंत. पण ज्या बाईने तीन वेळा विचारलं तिचंही बरोबरच होतं. त्यानंतर तिने छ्वानला आणखीच जपलं असं लिहिलंय. चाबी गेल्यावर पुढे छ्वान भिक्षुणी झाली आणि तिच्या मुलाला 1288 मध्ये तिबेटला धाडलं, तिथे साक्य मठात तोही भिक्षू झाला.

आणि चाबी ज्या दिवसाला घाबरत होती तो 1368 मध्ये आला. मिंग सैन्य राजधानीच्या दारात आलं तेव्हा जो खान रातोरात उत्तरेला पळाला, तोघोन तेमूर, तो तिच्याच झेनजिनच्या वंशातला.

मी सातवीत आहे. राणीचा फोटो छापला होता त्यात तिच्या डोक्यावर ते उंच लाल काय आहे? आणि ते चित्र खरंच तिचंच आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

ती टोपी आहे बाळा, तिला बोग्ता म्हणतात, लग्न झालेल्या मोठ्या घरच्या मंगोल बायका घालायच्या. आत झाडाच्या सालीचा हलका सांगाडा, वरून रेशीम, त्यावर मोती आणि टोकाला पीस. विल्यम रुब्रुक नावाचा एक पाद्री 1250 च्या दशकात तिकडे गेला होता, त्याने लिहिलंय की अशा बऱ्याच बायका घोड्यावरून एकत्र येताना लांबून बघितल्या तर शिरस्त्राण घातलेले आणि भाले उभे धरलेले सैनिक येतायत असं वाटतं.

चित्र तिचंच आहे. मूळ चित्र रेशमावर काढलंय, साधारण 2 फूट उंच, आणि ते तैवानमध्ये तैपेईच्या राजवाडा म्युझियममध्ये ठेवलंय, कुबलाईचंही तिथेच आहे. तिथेच आणखी एक मोठं चित्र आहे, 1280 सालचं, कुबलाई पांढरा फरचा कोट घालून शिकारीला निघालाय आणि शेजारच्या घोड्यावर जी बाई आहे ती चाबीच असं मानतात. आता अंक परत उघड आणि तोंडावरचं बारीक बघ. भुवया कशा अगदी सरळ रेघेसारख्या, तेव्हाची फॅशन होती ती. गळ्याशी लाल अंगरख्याला सोनेरी जरीचा काठ आहे. आणि कानाखाली लोंबणारे मोती दिसतायत ना, ते किती मोठे आहेत ते डोळ्याच्या मापाशी लावून बघ.